दादरला सगळेच उतरतात

मागच्या आठवड्यात ऑफिसात डबा खाता खाता मोबाइलवर रग्बीची एक क्लिप बघत होतो. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, "हे काय, दहीहंडी?"

मला हसू आलं नाही, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. दोन दांडग्या माणसांनी तिसऱ्याला मांडीला आणि चड्डीला धरून आभाळात उचललेलं, त्याचे दोन्ही हात वर. फरक इतकाच, की इथली हंडी टांगलेली नसते. रेषेबाहेर उभा राहून कुणीतरी ती फेकत असतो. अकरा वर्षं तो फेकणारा मी होतो. मुंबईतल्या एका क्लबात, हूकर म्हणून. उंची पाच फूट सहा इंच, त्यामुळे मला कुणी उचलेल असा प्रश्नच नव्हता.

त्याला समजावून सांगता सांगता लंच टाइम संपला. उरलेलं इथे लिहितो.

रग्बी युनियनमध्ये बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट होतो. दोन्ही संघांचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले दांडगे गडी, एकमेकांना समांतर अशा दोन रांगा करून उभे राहतात, मध्ये मीटरभर फट. त्या फटीतून हूकरनं बॉल सरळ फेकायचा. रांग कुठून कुठपर्यंत? टचलाइनपासून, म्हणजे त्या बाजूच्या रेषेपासून, 5 मीटरवर सुरू, 15 मीटरवर खलास. रांगेत किती माणसं ठेवायची हे ज्याचा थ्रो तो संघ ठरवतो. समोरच्यानं कमी ठेवली तर चालतात, जास्त नाही.

आता जरा हिशोब करा. सात-सातची रांग धरली तर चौदा जण, दोन हूकर, आणि जिंकलेला बॉल घेऊन मागे पास करणारे दोन स्क्रमहाफ. अठरा माणसं मैदानाच्या एका कडेला, 15 मीटरच्या पट्टीत. मैदानाची रुंदी साधारण 70 मीटर. म्हणजे उरलेल्या 55 मीटरला प्रत्येक संघाचे सहा जण, त्यातलेही एक-दोन किक येईल म्हणून पार मागे. आणि बाकीच्यांनी रांगेपासून 10 मीटर मागे राहायचं असा नियम, दोन्हीकडे. दोन बॅकलाइनच्या, म्हणजे मागे उभ्या पळणाऱ्या गड्यांच्या ओळींच्या, मध्ये 20 मीटर रिकामं मैदान! विरार लोकलच्या दारात अठरा जण लटकलेत आणि आत अख्खा डबा मोकळा, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. रग्बीत एवढी मोकळी जागा फुकट मिळण्याचे प्रसंग फार थोडे. म्हणून मला "लाइनआउट म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायची पद्धत" असं कुणी म्हटलं की राग येतो. लाइनआउट हा हल्ला आहे.

पण कुठला बॉल? इथेच सगळी गोम. रांगेच्या पुढे, मध्ये किंवा मागे अशा तीन ठिकाणी बॉल टाकता येतो. पुढचा थ्रो म्हणजे पाच-सहा मीटरचा सरळ तीर, तो सहसा चुकत नाही. पण तिथे झेललेला बॉल टचलाइनला चिकटलेला. तिथून फ्लायहाफपर्यंत, म्हणजे बॅकलाइन चालवणाऱ्यापर्यंत, लांबलचक पास, आणि तो हवेत असताना समोरच्या रांगेच्या शेपटाकडची मंडळी त्याच्या अंगावर धावत येणार. मागचा थ्रो म्हणजे बारा-पंधरा मीटरचा उंच झोका. वारा आला, हात घसरला, तर गेला. पण तिथे जिंकलेला बॉल मैदानाच्या पोटात असतो. पास छोटा, आणि समोरचे शेपटाचे गडी रांगेतच अडकलेले. थोडक्यात, जो बॉल जिंकायला सोपा तो वापरायला वाईट, आणि जो वापरायला झकास तो जिंकताना जीव जातो. हूकरचं आयुष्य या दोन टोकांमध्ये.

26 सप्टेंबर 2015 हा दिवस घ्या. विश्वचषक, ट्विकनहॅम, इंग्लंड विरुद्ध वेल्स. शेवटची काही मिनिटं, वेल्स 28–25 पुढे, इंग्लंडला पेनल्टी मिळते. गोलवर मारली आणि बसली तर बरोबरी. कर्णधार ख्रिस रॉबशॉनं कोपऱ्यात किक मारून लाइनआउट घ्यायचं ठरवलं. इथवर माझी तक्रार नाही. जिगर आहे, घ्या. पण मग थ्रो टाकला कुठे? अगदी पुढे, खुद्द रॉबशॉकडे. झेल छान झाला. आणि वेल्सच्या पठ्ठ्यांनी त्या अख्ख्या गठ्ठ्याला ढकलत ढकलत रेषेबाहेर नेऊन ठेवलं. रेषा होतीच किती लांब? पाच पावलं. इंग्लंड हरलं, पुढे ऑस्ट्रेलियाकडूनही हरलं आणि स्वतःच्या घरच्या विश्वचषकातून गटातच बाहेर पडलं. सगळ्यांनी रॉबशॉच्या निर्णयाला शिव्या दिल्या. माझ्या मते निर्णय किकचा चुकला नाही, पत्ता चुकला.

(मी तो सामना मध्यरात्री बघताना "मागे टाक, मागे!" असं ओरडलो आणि बायकोनं विचारलं, "काय मागे टाकू?")

आता फेकण्याबद्दल. फुटबॉलच्या थ्रो-इनसारखे दोन्ही हात डोक्यावर, पण बॉल गरगर फिरत गेला पाहिजे. एक हात बॉलच्या मागे जोर द्यायला, दुसरा नुसता वाट दाखवायला. दोन्ही पाय रेषेबाहेर. आणि बॉल उडी मारणाऱ्याकडे फेकायचा नसतो. तो अजून जमिनीवर असतो! तो जिथे पोहोचणार आहे त्या हवेतल्या बिंदूकडे फेकायचा, साधारण साडेतीन मीटर उंचीवर. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर मी विटेच्या तुकड्यानं तीन गोल काढले होते. रोज रात्री साडेनऊनंतर पन्नास थ्रो. मधला गोल तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर होता, म्हणजे नेमका सगळ्यात जास्त सरावाचा. वर्षभरात काकूंना माझ्या थ्रोतला फरक आवाजावरून कळायला लागला. "आज फिरत नाहीये रे," असं त्या खिडकीतून सांगायच्या.

पण मुंबईतली रग्बी पावसाळ्यातली. जुलैच्या चिखलात बॉल म्हणजे साबणाची वडी. पुसायला अंगावर कोरडं काही नसतं. जर्सी ओली, चड्डी ओली, टॉवेलवाला पोरगा स्वतः ओला. मी काखेत दाबून बॉल पुसायचो, कारण सगळ्या शरीरात त्यातल्या त्यात कोरडी जागा तीच. शोभेचं नाही, पण सांगून टाकलं.

आणि आमच्याकडे उंची नव्हती. संघातला सगळ्यात उंच माणूस सहा फुटांचा. समोर लष्कराच्या संघातली पोरं उभी राहिली की आमची रांग पाचवी-ब ची वाटायची. मग आमची भिस्त दोन गोष्टींवर. एक, लालबागचा एक पोरगा. लहानपणी गोविंदा पथकात अगदी वरच्या थराला चढायचा, वजन काहीच नाही, उंचीची भीती नाही. त्याला फक्त एक सवय मोडायला लागली. थरावर सावकाश, तोल सांभाळत चढतात. लाइनआउटमध्ये आधी स्वतः उडी मारायची आणि मग खालच्या दोघांनी तिला जोर द्यायचा. पहिले दोन महिने तो नुसता उभा राहायचा, कुणीतरी वर नेईल म्हणून वाट बघत. आणि दुसरी गोष्ट, खुणा.

खुणांचं प्रकरण मोठमोठ्यांनाही भारी पडलंय. 2001 मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचा, ऑस्ट्रेलिया दौरा, सिडनीतली तिसरी आणि निर्णायक कसोटी. ऑस्ट्रेलिया 29–23 पुढे, सामना संपत आलेला, लायन्सचा ऑस्ट्रेलियाच्या गोललाइनजवळ लाइनआउट. लायन्सचा हूकर कीथ वुडनं मार्टिन जॉन्सनसाठी बॉल टाकला आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या जस्टिन हॅरिसननं त्याच्या पुढ्यात उडून तो पळवला. मालिका तिथे गेली. ऑस्ट्रेलियानं लायन्सच्या खुणा फोडल्या होत्या अशी कुजबुज नंतर बरीच झाली. फोडल्या असोत वा नसोत, मला वुडचा चेहरा आठवतो. हूकरनं बॉल सोडला की त्याच्या हातात काहीच राहत नाही, आणि तरी सगळे त्याच्याकडेच बघतात.

आमच्या खुणा लोकलच्या स्टेशनांच्या. वेस्टर्नचं स्टेशन म्हणजे पुढे, सेंट्रलचं म्हणजे मध्ये, हार्बरचं म्हणजे मागे. लॉक, म्हणजे फॉरवर्डांतला उंच गडी, तीन नावं ओरडायचा, त्यातलं दुसरं खरं. "मुलुंड, चेंबूर, कांदिवली!" म्हणजे मागे. बाहेरगावच्या संघांना ओ की ठो कळायचं नाही. आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो.

2009 च्या जुलैत एका सामन्यात आमच्या लॉकला धाप लागलेली. डोकं चालेना. तो ओरडला, "पनवेल, दादर, विलेपार्ले!"

दादर.

दादर वेस्टर्नलाही आहे आणि सेंट्रलला पण. पुढचा जंपर बोरिवलीचा, त्याच्या लेखी दादर म्हणजे वेस्टर्न. तो उडाला. मधला जंपर मुलुंडचा. तोही उडाला. दोघांच्या मधला लिफ्टर बांद्र्याचा, त्यानं बोरिवलीवाल्याला धरलं. त्यामुळे मुलुंडवाल्याला उचलायला एकटाच माणूस उरला आणि तो एका बाजूनं उचललेल्या गोदरेजच्या कपाटासारखा तिरका वर गेला. मी डोंबिवलीचा, माझ्यासाठी दादर सेंट्रलच. मी मध्ये टाकला. बॉल त्याच्या बोटांच्या वीतभर वरून थेट समोरच्याच्या छातीवर. तिथून चाळीस मीटर पळून ट्राय, म्हणजे बॉल आमच्या गोललाइनीपार टेकवून पाच गुण.

दादरवर बंदी आली. कुर्ला आणि अंधेरीवरही, त्याच कारणानं. चूक कुणाची यावर अजून वाद आहे. बोरिवलीवाला म्हणतो, अख्खी मुंबई दादर म्हणजे वेस्टर्न समजते. मूर्ख आहे.

मग 23 ऑक्टोबर 2011. रविवार. दिवाळी तीन दिवसांवर, घरात फराळाची गडबड, आणि ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाची फायनल, न्यूझीलंड विरुद्ध फ्रान्स. आपल्याकडे दुपारी दीडची वेळ. आईनं मला बेसनाचे लाडू वळायला बसवलं होतं. समोर लॅपटॉप, अडखळत चालणारं चित्र. पंधराएक मिनिटं झाली असतील. फ्रान्सच्या गोललाइनजवळ न्यूझीलंडचा लाइनआउट. पुढे उडी मारायचा देखावा झाला, फ्रान्सचे तिकडे ओढले गेले. खरा बॉल मागे जेरोम कायनोकडे. फ्रान्सचे काही तिकडे. कायनोनं बॉल झेलून धरून ठेवला नाही, हवेतूनच खाली सोडला. आणि मधून टोनी वुडकॉक, प्रॉप, एरवी उचलाउचलीचं काम करणारा माणूस, बॉल घेऊन सरळ गोललाइनीपार. त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. रांगेच्या मध्ये दार उघडलं होतं. त्या चालीचं नाव "टीबॅग" होतं असं नंतर वाचलं. अंतिम गुणसंख्या 8–7. न्यूझीलंडच्या आठांपैकी पाच त्या एका लाइनआउटचे.

मी लाडू हातात घेऊन तसाच बसलो. मग पेपरवर सात लाडू एका ओळीत मांडले, समोर सात. पुढचे तीन एक गट, मागचे तीन एक गट, मध्ये एक. पुढचा गट हलवला, समोरचे तिकडे सरकवले. मागचा हलवला, तिकडे सरकवले. मध्ये भोक. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. हे तर दादर! 2009 ला आमच्या दोन टोळ्या एकाच वेळी उडाल्या तेव्हा समोरचेही दोन्हीकडे फाटले होते की. आम्ही ती चूक समजलो. ती अर्धी चाल होती. फक्त बॉल चुकीच्या ठिकाणी टाकला.

आई म्हणाली, "वळलेत तेवढे डब्यात भर, खेळू नकोस."

आता कुणी म्हणेल, एवढी कारागिरी कशाला, गोललाइनजवळ सरळ मॉल करा. खरंय. झेललेला बॉल घेऊन जंपर खाली येतो, सगळे त्याच्याभोवती आवळतात, बॉल हातोहात शेवटच्या माणसाकडे जातो आणि गठ्ठा ढकलत निघतो. समोरच्यानं तो पाडला तर पेनल्टी. शेवटचा माणूस बहुतेक वेळा हूकरच, कारण थ्रो टाकून तो मागून येऊन चिकटतो. दक्षिण आफ्रिकेच्या मॅल्कम मार्क्सचे बरेच ट्राय असेच. पण मॉलला वजन लागतं, आणि आमचं सगळं वजन एका प्रॉपमध्ये साठलेलं. शिवाय हुशार संघ मॉल होऊच देत नाहीत. जंपर जमिनीला टेकताच त्याला पाडतात, नाहीतर कुणी अंगालाच लागत नाही. समोरच्यानं स्पर्शच केला नाही तर मॉल बनत नाही, आणि बॉल मागे गेला की पुढचे आपलेच गडी आडवे येतात म्हणून शिट्टी.

बुटक्यांचा खरा गुरू जपान. 19 सप्टेंबर 2015, ब्रायटन, समोर दक्षिण आफ्रिका. रांगेत दोन मीटरहून उंच व्हिक्टर मॅटफील्ड. जपानचा फॉरवर्ड कोच होता स्टीव्ह बॉर्थविक, जो स्वतः इंग्लंडसाठी लाइनआउटचा मास्तर होता. सामन्याच्या उत्तरार्धात जपाननं एक बॉल जिंकला आणि खाली आणलाच नाही, हवेतूनच दिला. खोटे धावणारे पुढून गेले, फटीतून मात्सुशिमा निघाला आणि उजव्या कोपऱ्यात गोरोमारू. रांगेपासून ट्रायपर्यंत आफ्रिकेच्या बॅकलाइनला थांबून विचार करायला वेळच मिळाला नाही. जपान 34–32 नं जिंकलं. मॅटफील्डची उंची त्या चालीत कुठेच कामाला आली नाही. त्याच्याशी झुंजलंच कोण? तो ट्राय मी पोरांना इतक्यांदा दाखवलाय की आता ते मी क्लिप लावायच्या आधीच पाणी प्यायला जातात.

एक राग नोंदवून ठेवतो. 2025 मध्ये चाचणी म्हणून आलेल्या नियमात, समोरच्यानं उडीच मारली नाही तर वाकडा थ्रोही चालतो. खेळ थांबू नये म्हणून. पटतं. पण ज्यानं काकूंच्या खिडकीवर पन्नास थ्रो टाकलेत त्याला विचारा. थ्रो टाकणं ही दुसऱ्या कुणाला पटकन देता येणारी गोष्ट नाही हे 2023 च्या विश्वचषक फायनलला दिसलंच. दक्षिण आफ्रिकेचा मार्क्स आधीच जखमी होऊन घरी, त्याच्या जागी हूकर न आणता त्यांनी फ्लायहाफ पोलार्ड आणलेला. फायनलच्या सुरुवातीलाच उरलेला हूकर एम्बोनाम्बी जखमी. मग 37 वर्षांचा डिऑन फूरी, जो एव्हाना फ्लँकर म्हणून, म्हणजे फॉरवर्डांतल्याच दुसऱ्या जागी, खेळायचा, तो जवळजवळ पूर्ण सामना थ्रो टाकत राहिला. लाइनआउट डगमगले, तरी 12–11 नं निभावलं. ती 12–11 मी श्वास रोखून बघितली, निकालासाठी कमी आणि फूरीच्या खांद्यांसाठी जास्त.

तर, दादर. 2012 च्या पावसाळ्यात बंदी उठवली. नवा अर्थ असा: पुढची टोळी उडते, समोरच्यांना ओढते. बॉल मागे आमच्या गोविंदाकडे. तो हवेतूनच खाली सोडतो. आणि मधून आमचा एकशे दहा किलोचा प्रॉप. वाक्य ठरलं होतं, "दादरला सगळेच उतरतात." म्हणजे डबा रिकामा. ऑगस्टमध्ये बाहेरगावच्या एका संघाविरुद्ध वापरली. मागचा थ्रो, ओला बॉल, काखेत दाबून पुसलेला. हातातून सुटला तेव्हाच कळलं की फिरतोय. गोविंदानं तो झेललाही नाही, तळहातानं अलगद खाली बसवला. प्रॉप त्या दारातून गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, गोंधळ होता. इतकी मोकळी जागा त्यानं मैदानावर कधी पाहिलीच नव्हती. ट्राय टेकवल्यावर त्यानं वळून पंचाकडे पाहिलं, चालतंय ना, म्हणून. त्याच्या कारकिर्दीतला तो एकमेव ट्राय.

दोन आठवड्यांनी मुंबईतल्याच एका संघाविरुद्ध, शेवटच्या पाच मिनिटांत, पुन्हा गोललाइनजवळ. लॉक ओरडला, "वाशी, दादर, मालाड!" मी बॉल डोक्यावर नेला आणि समोरचा हूकर, माझ्याच उंचीचा, शांतपणे आपल्या लोकांना म्हणाला, "दादर आहे रे. कुणी उतरू नका."

कुणी उडालंच नाही. आमचा प्रॉप दारातून आत शिरला आणि आत चौघं उभी होती.

सामन्यानंतर तो हूकर माझ्यासोबतच सीएसटीपर्यंत चालत आला. ठाकुर्लीचा निघाला. ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही, म्हणून त्याच्यासोबत मीही कल्याण स्लो पकडली. दोघंही चिखलानं माखलेले, त्यामुळे बसायची सोय नव्हती, दाराशी उभे. थ्रो टाकताना तू उजवा अंगठा कुठे ठेवतोस, यावर भायखळ्यापर्यंत बोलणं झालं. दादर आलं. एकही माणूस उतरला नाही. सगळे चढले, आणि आम्ही दोघं पार समोरच्या दारापर्यंत ढकलले गेलो.